मुलं सांभाळणाऱ्या संस्थेत सुरक्षेची घडी कशी बसवायची: सोलापूरच्या छोट्या संस्थांसाठी

सोलापुरात मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था नाना तऱ्हेच्या आहेत. विडी घरकुलातली संध्याकाळची अभ्यासिका, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह, निराधार मुलांचं बालगृह, रविवारी चित्रकला शिकवायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांचा गट. पंढरपुरात तर प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १९व्या शतकात बालकाश्रम काढला, तिथपासूनची ही परंपरा. बहुतेक ठिकाणी माणसं भली असतात आणि त्या भलेपणाच्या भरवशावरच नोंदवह्या, नियम, कुलपं सैल राहतात. "आमच्याकडे असं काही होणं शक्य नाही" हे वाक्य मी ज्या संस्थेत ऐकतो, तिथे मी सगळ्यात आधी रात्रपाळीची वही मागतो.

मुलाला त्रास देणारा माणूस सहसा ओळखीचा असतो. कामाला वाघ, मुलांचा लाडका, सणावाराला स्वतःहून थांबणारा. तेव्हा माणूस पारखण्यात सगळी शक्ती घालवू नका. मुलाला काही खुपलं तर ते कुणाला सांगेल, आणि ऐकणारा पुढच्या तासाभरात काय करेल, या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण, ते ठरवा

धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेला ट्रस्ट असला म्हणजे मुलं ठेवून घेण्याचा अधिकार मिळाला, असं अनेक विश्वस्तांना वाटतं. तसं नाही. निराधार, घरातून दुरावलेली, पालक सांभाळू शकत नाहीत अशी मुलं राहायला ठेवायची तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते. ती पाच वर्षं टिकते. नोंदणी न करता मुलं ठेवली तर कलम ४२ प्रमाणे प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. अर्जाचं काम जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून सुरू होतं. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या यंत्रणेवरची जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख वाढली आहे.

बालगृहातलं प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच आत आलेलं हवं. ओळखीच्या नगरसेवकाची चिठ्ठी म्हणजे आदेश नव्हे. ही समिती अध्यक्ष आणि चार सदस्यांची असते आणि मुलाने कुठे राहायचं हे ती ठरवते, संस्था नाही.

अभ्यासिका, संस्कार वर्ग, क्रीडा प्रशिक्षण किंवा दिवसाचं पाळणाघर चालवणाऱ्यांनी हुश्श करू नये. त्यांना कलम ४१ लागणार नाही, पण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ आणि त्याचे २०२० चे नियम मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू आहेत.

पायरी २: जबाबदार माणूस नेमा, आणि तो संस्थापक नको

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठराव करून एक बाल संरक्षण प्रमुख आणि एक पर्यायी व्यक्ती नेमा. दोघांपैकी किमान एक बाई हवी. संस्थापक, अधीक्षक किंवा गृहपाल यांना हे काम देऊ नका. कारण सरळ आहे. संस्थेचं नाव, देणगी, अनुदान यांची चिंता ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला तक्रार ऐकताना पहिल्यांदा संस्था आठवते आणि मग मूल. आपल्याकडे संस्थापकांना सगळे "सर" किंवा "ताई" म्हणतात, मुलं पाया पडतात. अशा माणसाकडे दहा वर्षांची पोरगी त्यांच्याच भाच्याची तक्रार घेऊन जाणार नाही.

शिवाय संस्थेच्या पगारावर नसलेली एक बाहेरची व्यक्ती ठरवा. निवृत्त शिक्षिका, बालरोगतज्ज्ञ, समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापक, कुणीही. ती महिन्यातून एकदा न कळवता येईल, मुलांसोबत जेवेल, कार्यालयात न बसता अंगणात बसेल.

नियम लेखी करा. वीस पानी धोरण इंटरनेटवरून उतरवून कपाटात ठेवण्यापेक्षा दोन पानांचं, साध्या मराठीतलं बरं. ते स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवा, वॉचमनला समजावून सांगा, मगच सह्या घ्या.

पायरी ३: माणूस घेताना

पोक्सो नियमांनुसार मुलांशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी लागते, कंत्राटी असला तरी. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, उरलेल्या जिल्ह्याला ग्रामीण पोलीस अधीक्षक; माणूस जिथे राहतो त्या हद्दीतून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागवा. स्वयंसेवक, रिक्षावाला, शिकवणीचे सर यांनाही तोच नियम लावा.

प्रमाणपत्राने फक्त एवढंच कळतं की पोलिसांकडे त्याची नोंद नाही. मिटवलेल्या प्रकरणांची नोंद कुठेच नसते. म्हणून आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "याला परत मुलांजवळ कामाला घ्याल का?" समोरचा अडखळला, तर त्या अडखळण्याला किंमत द्या. मुलाखतीत प्रसंग सांगा: एक मुलगा रात्री घाबरून उठला आणि तुमच्याजवळ झोपायचं म्हणतोय, काय कराल? जो "जवळ घेईन, पण मावशींना उठवीन आणि वहीत लिहीन" असं म्हणतो, त्याला काम कळलंय.

पहिले तीन महिने नव्या माणसाला एकट्याने रात्रपाळी देऊ नका. माणसं मिळत नाहीत, हे खरं आहे. तरीही देऊ नका.

पायरी ४: जागा आणि वेळा

नकाशा काढा. कागदावर इमारत रेखाटून मुलांनाच विचारा की कुठे जायला नको वाटतं. ते बोट ठेवतात. कोठीची खोली, जिन्याखालचा कोपरा, मागची मोरी. मग दिवसाचे तास बघा. मूल आणि मोठं माणूस बंद दाराआड एकटे, ही वेळ कुठेही येऊ नये. समुपदेशन एकांतात होतं, पण दाराला काच हवी किंवा दार अर्धं उघडं, आणि वहीत वेळ.

आता सोलापूरची खास गोष्ट. इथे अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते मध्यरात्रीही येतं. पाणी आलं की थोरल्या मुलांना उठवून अंधारात टाकीपाशी पाठवायची पद्धत आहे. त्या धावपळीत कोण कुणाबरोबर कुठे आहे, याचा पत्ता नसतो. पाणी भरायला दोन मोठी माणसं उठतील, मुलं नाहीत. हे जमतच नसेल तर दिवा आणि हजेरी तरी हवी. टंचाईत अंघोळी उरकण्यासाठी मुलांना एकत्र मोरीत सोडतात, तेही बंद.

दुसरं, उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो आणि आख्खं वसतिगृह गच्चीवर झोपतं. झोपू दे, पण अंथरुणांच्या जागा ठरलेल्या, लहान-मोठी मुलं वेगळी, जिन्याशी जागा राहणारं माणूस. लहान मुलांना त्रास देणारी कधी कधी मोठी मुलंच असतात, आणि ती मोठी मुलंही पूर्वी कुणाच्या तरी त्रासातून गेलेली असू शकतात. तिथे दोघांनाही मदत लागते. एकाला झोडपून प्रश्न मिटत नाही.

मारहाणीबद्दल वाद नको. संस्थेत शिस्तीच्या नावाखाली शारीरिक शिक्षा केली तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे पहिल्यांदा दहा हजार रुपये दंड, पुन्हा केली तर कैद, दंड किंवा दोन्ही. मुलं ज्याच्या ताब्यात दिली आहेत त्यानेच क्रूरपणे वागवलं तर कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास. "त्यांच्या घरीही मारतातच" हे उत्तर मला फार ऐकावं लागतं.

पायरी ५: वाढदिवसवाले, देणगीदार आणि फोटो

आश्रमात वाढदिवस साजरा करायची पद्धत आता घट्ट झाली आहे. लोक केक घेऊन येतात, मुलांना रांगेत बसवतात, एकेकाला भरवतात आणि फोटो रात्री स्टेटसला. हेतू चांगला असतो. पण मुलांना यातून कळतं की येणाऱ्या कुठल्याही काकांनी गालाला हात लावला, मांडीवर घेतलं, तर हसायचं असतं, कारण त्यांनी जेवण दिलंय. नको म्हणायची सवय अशीच मोडते.

देणगीदाराला नाही म्हणणं जड जातं, म्हणून नियम दारावर लावा, म्हणजे तोंडाने सांगावं लागत नाही. भेटीची वेळ ठरलेली, ओळखपत्राची नोंद, सोबत संस्थेचं माणूस, मुलांच्या खोल्यांत प्रवेश नाही, मुलाला एकट्याला भेटवस्तू नाही, मोबाइल नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. केक खुशाल आणा. कापायचा तो त्या महिन्यात वाढदिवस असलेल्या संस्थेतल्या मुलांनी.

फोटोबाबत कायदाच उभा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अहवालात हात, पाठमोरी मुलं, त्यांची चित्रं वापरा. "हिची आई विडी वळता वळता वारली" अशी ओळ फोटोखाली टाकून देणगी मिळते, पण ती ओळ पोरीला शाळेत आयुष्यभर चिकटते. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत. संस्थेचा एक फोन, त्यातून निवडून, प्रमुखांच्या परवानगीने.

पायरी ६: मुलाला कोण नेऊ शकतं

ऊसतोडीच्या हंगामात आईबाप पाच-सहा महिने फडावर. फोन लागत नाही, चार्जिंग नसतं. आणि मग एखाद्या दुपारी दारात "मामा" उभा राहतो: घरी कार्यक्रम आहे, पोरीला दोन दिवस न्यायचंय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा कार्यक्रम तिचं स्वतःचं लग्न असू शकतो.

दिवाळीनंतर मूल दाखल होतानाच आईवडिलांकडून नेऊ शकणाऱ्या व्यक्तींची नावं, फोटो, सह्या किंवा अंगठे घ्या. मुकादमाचा आणि त्याच टोळीतल्या आणखी एकाचा नंबर घ्या. यादीबाहेरच्या माणसाबरोबर मूल जाणार नाही, सख्खा मामा असला तरी. मुलाला बाजूला घेऊन विचारा, जायचंय का? लग्नाची शंका आली तर गावचे ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. बालगृहातल्या मुलाला सुट्टीवर सोडायचं तर बालकल्याण समितीची परवानगी लागतेच.

पायरी ७: मूल बोलेल अशी सोय

कित्येक संस्थांत तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशी, साहेबांच्या खुर्चीसमोर टांगलेली असते आणि उघडली तर आत गोळ्यांचे कागद. बाल न्याय नियमांना अपेक्षित आहे ती पेटी मुलांच्या खोल्यांजवळ, कार्यालयापासून लांब, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे, आणि उघडायची मुलांच्या समितीसमोर. लिहिता न येणाऱ्यांसाठी शेजारी रंगीत चिठ्ठ्या ठेवा: लाल चिठ्ठी म्हणजे मला कुणाशी तरी बोलायचंय.

पण पेटीवर विसंबू नका. सोलापूरच्या पूर्व भागातलं मूल घरी तेलुगू बोलतं, अक्कलकोटकडचं कन्नड, काही जण उर्दू. अंगाच्या अवयवांची, लाजेची, भीतीची भाषा ही घरची भाषा असते. मराठीत ते मूल "बरं नाही वाटत" एवढंच म्हणेल. तुमच्या कर्मचाऱ्यांत किंवा बाहेरच्या व्यक्तींत या भाषा येणारं, मुलांना आवडणारं कुणी आहे का? नसेल तर शेजारच्या संस्थेशी बोलून ठेवा. जबाब नोंदवताना मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाषी मिळण्याची तरतूद पोक्सोत आहे. तो मागून घ्या.

१०९८ हा नंबर मुलांना पाठ करून द्या आणि त्यावर फोन करायला एक फोन मोकळा ठेवा, ज्यासाठी परवानगी लागत नाही. यावर गृहपाल कुरकुरतात: मुलं उगाच फोन करतील. करू देत.

पायरी ८: मूल सांगतं तेव्हा

मूल सांगतं तेही एका दमात नाही. "सर चांगले नाहीत" इथून सुरू होतं. भाजी निवडताना, वेणी घालताना, दिवा गेल्यावर. म्हणजे बहुतेकदा ऐकणारी व्यक्ती मावशी असते, समुपदेशक नसते. प्रशिक्षण आधी मावशींना द्या.

हातातलं काम बाजूला ठेवा, शांत बसा. "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." एवढं पुरतं. चेहऱ्यावर धक्का दिसला की मूल गप्प होतं. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "जे मदत करू शकतात त्यांनाच सांगेन" असं म्हणा. "कुठे हात लावला? इथे का?" असे शब्द मुलाच्या तोंडात घालू नका. "मग काय झालं?" इतकंच विचारा, आणि ते थांबलं की थांबा. खोदून विचारणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे. आपण तिघाचौघांनी तेच तेच विचारलं तर मुलाचा जबाब बिघडतो आणि आरोपीच्या वकिलाचं फावतं.

नंतर लगेच लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, तेलुगू असतील तर तेलुगूच. मुलाने वापरलेला शब्द सभ्य करून लिहू नका. तुमचा अंदाज वेगळ्या ओळीत. सही करा आणि कागद बाल संरक्षण प्रमुखांकडे द्या. कपडे धुवायला टाकू नका, अंघोळ घालू नका.

पायरी ९: त्याच दिवशी कळवा

इथे संस्था घसरतात. विश्वस्तांची तातडीची बैठक बसते, आरोप असलेल्या माणसाला बोलावून "खरं सांग" म्हणतात, मुलाला त्याच्यासमोर उभं करतात, मग कुणी ज्येष्ठ सुचवतात की त्याला काढून टाकू आणि विषय संपवू. तो पुढच्या तालुक्यातल्या संस्थेत रुजू होतो. संस्थेने शहानिशा करायची नसते. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची किंवा घडू शकतो अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड; आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होत नाही. पालकांची संमती लागत नाही, विश्वस्तांची तर नाहीच. मूल १८ वर्षांखालचं असेल तर "तिच्या मर्जीने झालं" या बोलण्याला कायद्यात जागा नाही.

क्रम असा ठेवा. मूल सुरक्षित, आरोप असलेला माणूस त्या क्षणापासून मुलांपासून दूर. हलवायचं त्याला, मुलाला दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवून शिक्षा देऊ नका. मग पोलिसांना लेखी माहिती, पोच घ्या. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. तुम्हीही समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला वेगळी प्रत द्या. १०९८ किंवा ११२ वर केलेल्या फोनची वेळ लिहून ठेवा. ठाण्यातून "ही आमची हद्द नाही" असं उत्तर आलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे सांगा. नम्रपणे, पण खुर्चीवरून न उठता.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतील, आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत राहू शकते. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल आहे. पण खाजगी दवाखान्यालाही प्रथमोपचार नाकारता येत नाहीत, पैसे मागता येत नाहीत आणि आधी एफआयआर आणा म्हणता येत नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. तेव्हा "उद्या सकाळी बघू" नको.

एक गोष्ट इथल्या इतिहासामुळे लक्षात ठेवावी लागते. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणाआड होती. भटक्या-विमुक्त समाजातल्या काही घरांत पोलीस म्हटलं की आजही जीव दचकतो. तक्रार देताना अशा मुलाच्या आईला एकटीला ठाण्यात पाठवू नका. सोबत जा, शेजारी बसा, लिहिलेलं तिला वाचून दाखवा.

पायरी १०: गुन्हा नोंदल्यानंतर

खटला लांबतो. बालकल्याण समिती मुलासाठी तपासात आणि खटल्यात सोबत करणारी सहायक व्यक्ती नेमू शकते, ती मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील आणि नुकसानभरपाईसाठी मदत मिळते. शाळेत, वस्तीत नाव फुटू नये म्हणून कागद कुलपात; त्या मुलाला कोर्टात नेताना संस्थेचं नाव लिहिलेली गाडी वापरू नका. बाकीची मुलंही घाबरलेली असतात, त्यांना वयाला झेपेल इतकंच सांगा. पत्रकाराचा फोन आला तर एकच व्यक्ती बोलेल, आणि ती मुलाबद्दल काही बोलणार नाही.

सापडलेली आणि आणून दिलेली मुलं

आषाढीला पंढरपुरात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, रेल्वे स्टेशनवर मुलं चुकतात. लोक विश्वासाने ती तुमच्या दारात आणून सोडतात. खाऊ-पाणी द्या, पण ठेवून घेऊ नका: पोलीस, १०९८, बाल संरक्षण कक्ष किंवा समिती यांना २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. कुमारी माता बाळ घेऊन आली तर तिला समितीसमोर न्या. मूल सोपवल्यावर फेरविचारासाठी तिला दोन महिने असतात. "एक चांगलं जोडपं आहे, देऊन टाकू" हा शॉर्टकट बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खालचा गुन्हा आहे, जोडपं कितीही चांगलं असो.

कुठून सुरुवात करायची

पैसा नसलेल्या संस्थेने जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी इतकं तरी करावं: दोन व्यक्ती नेमण्याचा ठराव, प्रत्येक कर्मचाऱ्याचा पडताळणी अर्ज, पाहुण्यांची वही, न्यायला येऊ शकणाऱ्यांची यादी, भिंतीवर मुलांच्या उंचीला १०९८. याला खर्च जवळजवळ नाही. दाराला काच, गच्चीवर दिवा, रात्रपाळीला दुसरं माणूस, याला पैसे लागतात. पुढच्या देणगीदाराला केकऐवजी हे सुचवा. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर हंगामी मुलं आली की आणि जूनमध्ये नवे कर्मचारी रुजू झाले की, नियम पुन्हा वाचून दाखवा आणि सह्या नव्याने घ्या. बाहेरच्या व्यक्तीने मुलांना विचारावं: तुला काही झालं तर कुणाला सांगशील? ज्या मुलाकडे नाव नसेल, त्याच्याजवळ त्या आठवड्यात कोण बसणार ते तिथल्या तिथे ठरवा.